स्टँडिंग बिड बदलायची राहिली आणि मी कॅप्टन झाले

मी अमेरिकेतल्या एका एअरलाइनमध्ये पायलट आहे, तेव्हा फर्स्ट ऑफिसर म्हणजे को-पायलट होते. मार्च २०२४ मधली गोष्ट. रात्रीचे अकरा वाजले होते, मी दुसऱ्या दिवशीच्या डब्याची भेंडी चिरत होते आणि फोनवर एकामागोमाग एक मेसेज यायला लागले. अभिनंदन कॅप्टन, न्यूयॉर्कला भेटू, पार्टी कधी. मला वाटलं चुकीच्या ग्रुपवर पडतंय काहीतरी, म्हणून हात पुसून कंपनीची साइट उघडली तर खरंच माझ्या नंबरापुढे लिहिलेलं, बोईंग ७३७, कॅप्टन, न्यूयॉर्क. मी राहते टेक्सासमध्ये. घर, नवरा, सात वर्षांचा मुलगा, सगळं टेक्सासमध्ये. नवरा म्हणाला अगं मग छानच की, आणि मी तिथेच ओट्यापाशी खाली बसले, कारण मी हे मागितलंच नव्हतं. म्हणजे मागितलं होतं, पण ते सव्वा वर्षापूर्वी, गमतीत. ते पुढे सांगते.

आधी हे सगळं चालतं कसं ते सांगायला हवं, कारण भारतातल्या बऱ्याच जणांना वाटतं की साहेबाने काम बघितलं, इंटरव्ह्यू घेतला आणि प्रमोशन दिलं. अमेरिकेतल्या एअरलाइनमध्ये तसं काही नसतं. इथे एकच गोष्ट चालते, सिनिऑरिटी नंबर. ज्या दिवशी जॉइन झालात त्या दिवशी नंबर मिळतो आणि ६५ व्या वर्षी कायद्याने घरी बसेपर्यंत तोच धरून पुढे सरकायचं. कुठल्या शहरात बेस, म्हणजे ड्युटी कुठून सुरू होणार, कुठलं विमान, कॅप्टनची डावी सीट की फर्स्ट ऑफिसरची उजवी, दिवाळीत सुट्टी मिळणार की नाही, सगळं त्या नंबरावर. एकाच बॅचमधल्यांचे नंबर ठरवायची पद्धत तर अजून मजेशीर आहे, कुठे सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे आकडे बघतात, कुठे चिठ्ठ्या काढतात, आमच्याकडे वय बघतात, मोठा तो आधी. माझ्या बॅचमध्ये एकजण माझ्यापेक्षा नऊ दिवसांनी मोठी आहे आणि ते नऊ दिवस मला रिटायर होईपर्यंत पुरणार आहेत. आणि कंपनी बदलली की वीस वर्षं कॅप्टन असलात तरी पुन्हा सगळ्यात तळाला, पहिल्या वर्षाच्या पगारावर. मुंबईहून उडवणारी माझी एक मैत्रीण आहे तिला हे पटतच नाही, कारण तिकडे कॅप्टन लोक सरळ कॅप्टन म्हणूनच दुसऱ्या कंपनीत जातात, नोटीस पिरियड तेवढा वर्षभराचा भोगावा लागतो.

वडिलांना फोनवर समजावत होते तेव्हा ते मात्र अर्ध्या मिनिटात समजले. आमचं गाव कागल तालुक्यात, घरचा ऊस. आबा म्हणाले, "म्हंजे उसाच्या नोंदीसारखंच की. लागणीची तारीख लागली का त्याच तारखेनं तोड." मी म्हटलं अगदी तसंच आबा. तर पुढचा प्रश्न, "मग तुमच्यात चिटबॉयला काय द्यायला लागतंय?" चिटबॉय म्हणजे साखर कारखान्याचा तोडीची पाळी लावणारा माणूस. मी म्हटलं काही नाही, इथे कॉम्प्युटर पाळी देतो. "मग लई साधी माणसं हाईत तिथली," म्हणाले.

तर बिड, म्हणजे आपल्याला काय हवं ते मागायचा अर्ज, दोन प्रकारची असते. एक दर महिन्याची, त्यात पुढच्या महिन्याचं शेड्युल मागायचं, कुठल्या ट्रिपा हव्यात, कुठले दिवस सुट्टी हवेत. दुसरी व्हेकन्सी बिड, ती वर्षातून दोन-चारदा निघते आणि त्यात तुमचं आयुष्य बदलतं. कंपनी सांगते की अमुक बेसला अमुक विमानावर इतके कॅप्टन आणि इतके फर्स्ट ऑफिसर लागणार, आपण पसंतीक्रम भरायचा आणि मुदत संपली की सिस्टिम यादीच्या वरून खाली येत एकेकाला त्याची जी सगळ्यात वरची पसंती बसेल ती देत जाते. कुणी नवीन जागी गेला की त्याची जुनी जागा रिकामी, मग ती कुणाला तरी, मग त्याची रिकामी, असं खालपर्यंत. हा पसंतीक्रम दर वेळी नव्याने भरावा लागू नये म्हणून तो सिस्टिममध्ये पडून राहतो, त्याला स्टँडिंग बिड म्हणतात. बदलेपर्यंत तोच धरणार.

माझी स्टँडिंग बिड मी डिसेंबर २०२२ मध्ये भरली होती, नवीन नवीन होते, ट्रेनिंग सेंटरजवळच्या हॉटेलात आम्ही पाचजण पिझ्झा खात बसलो होतो आणि एकाने सांगितलं की सगळं भरून ठेव, आपला नंबर इतका खाली आहे की काय मिळणारे. म्हणून मी सात ओळी भरल्या. सातवी ओळ न्यूयॉर्क ७३७ कॅप्टन. कॅप्टन व्हायला एअरलाइनमध्ये १००० तासांचा अनुभव लागतो, तो माझा आधीच्या छोट्या कंपनीत एम्ब्रेअर १७५ वर झालेला होता, म्हणून सिस्टिमने ती ओळ मुकाट घेतली. नंतरच्या चार बिड आल्या आणि गेल्या, माझ्यापर्यंत काही पोचलं नाही, मी ती यादी उघडून पण बघितली नाही.

आणि मग नवीन विमानं आली. म्हणजे येणार असं जाहीर झालं, हातात नव्हे. कंपनीचं नाव लिहीत नाही, सोशल मीडियाची पॉलिसी आडवी येते आणि तशी चूक माझीच होती. पण मोठी वाइड बॉडी विमानं येतात तेव्हा खाली किती उलथापालथ होते ते बाहेरच्याला कळत नाही. छोट्या विमानाला दोन पायलट पुरतात. लांबच्या फ्लाइटला कायद्याप्रमाणे आठ-नऊ तासांच्या वर तीन लागतात आणि तेराच्या वर चार, शिवाय त्यांना विश्रांती द्यायची म्हणजे अजून जोड्या हव्यात. एक विमान आलं की डझनावारी माणसं वर खेचली जातात. न्यूयॉर्कच्या ७३७ चे जुने कॅप्टन वर गेले, त्यांच्या जागा मोकळ्या झाल्या, आणि त्या जागा कुणाला नको होत्या. न्यूयॉर्क आमच्या धंद्यात असंच आहे, महाग शहर, तीन विमानतळ, उन्हाळ्यात रोज वादळं, सगळं लेट. माझ्या वरच्या शेकडो लोकांनी मागितलंच नाही. कॉम्प्युटर विचारत विचारत माझ्यापर्यंत आला आणि मी बावळट सातव्या ओळीत हो म्हणून बसले होते.

हे माझ्या एकटीचं नाही हां, २०२३ मध्ये तर मोठ्या मोठ्या कंपन्यांत कॅप्टनच्या जागा कुणी मागत नाही म्हणून रिकाम्या राहत होत्या आणि पेपरात बातम्या येत होत्या. लोकांना वाटायचं वेडे आहेत काय हे. वेडे नाहीत. कसं ते सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी युनियनच्या माणसाला फोन केला, म्हटलं चुकून झालंय, परत घेता येईल का. तो हसला नाही पण गप्प झाला जरा. म्हणाला मुदतीच्या आत काढली असतीस तर ठीक होतं, बिड बंद झाली की संपलं, आणि वर २४ महिन्यांचा सीट लॉक, म्हणजे तोवर दुसरीकडे कुठे जाता येणार नाही. मग त्याने विचारलं, "पगार बघितलास का?"

आमचा पगार तासावर असतो, विमानाचा दरवाजा बंद होऊन ब्रेक सुटल्यापासून दुसऱ्या टोकाला ब्रेक लागेपर्यंत. विमानतळावर बसलेले तास, चेकिंगचे तास, त्याचे वेगळे पैसे नाहीत, फक्त घराबाहेर असेपर्यंत तासाला दोन-तीन डॉलर भत्ता. दर ठरतो तीन गोष्टींवर, किती वर्षं झाली, कुठली सीट आणि कुठलं विमान. मोठ्या विमानाला जास्त का, काम तर तेच, असं मलाही वाटायचं. त्याचं मूळ पार १९३४ मध्ये आहे. तेव्हाच्या नॅशनल लेबर बोर्डाने डिसिजन ८३ म्हणून निकाल दिला होता, त्यात पायलटच्या पगाराचं गणित ठरलं, मूळ पगार अधिक तासाचे पैसे अधिक मैलाचे पैसे, आणि महिन्याला ८५ तासांची मर्यादा. नवीन वेगवान विमानं येत होती, त्यात तेवढ्याच तासांत जास्त मैल होतात आणि कंपनीची कमाई वाढते, तर त्यातला वाटा उडवणाऱ्याला पण मिळाला पाहिजे ही भूमिका. नव्वद वर्षांनंतर पण प्रत्येक नवीन विमान आलं की युनियन आणि कंपनी आधी त्याच्या दरावर भांडतात. यूपीएससारख्या काही ठिकाणी मात्र सगळ्या विमानांना एकच दर आहे, तिथे लोक पगार न बघता फक्त कुठे किती झोप मिळेल ते बघून विमान निवडतात, मला ते जास्त शहाणपणाचं वाटतं.

नवरा आयटीतला, त्याने लगेच एक्सेल उघडलं. आकडे ढोबळच सांगते. उजव्या सीटवर माझा दर तासाला १८५ डॉलरच्या आसपास आणि महिन्याला ८८ तास, म्हणजे १६,२८०. डाव्या सीटवर ३०५, पण तळाला असल्यामुळे रिझर्व्ह, म्हणजे उडा नाहीतर बसा, ७४ तासांची गॅरंटी, २२,५७०. फरक महिन्याला सहा हजारांच्या वर, आणि रिटायरमेंटच्या खात्यात कंपनी पगाराच्या सोळा-सतरा टक्के टाकते ते पण त्याच प्रमाणात वाढणार. माझं फ्लाइंग ट्रेनिंगचं कर्ज अजून फिटायचं होतं. तो म्हणाला बघ, दोन वर्षांत कर्ज साफ. एक्सेलमध्ये सगळं साफ दिसतं.

जे त्यात दिसत नव्हतं ते असं. टेक्सासमध्ये मी फर्स्ट ऑफिसरांच्या यादीत साधारण साठ टक्क्यांवर आले होते, म्हणजे महिन्याचं ठरलेलं शेड्युल मिळायचं, बरेचसे शनिवार घरी, मुलाच्या मराठी शाळेत सोडायला जाता यायचं. न्यूयॉर्कला कॅप्टनांच्या यादीत मी अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर. माझ्या खाली चारजण. म्हणजे सगळे वीकएंड, सगळे सण रिझर्व्हवर, फोन आला की दोन तासांत विमानतळावर. आणि टेक्सासहून दोन तासांत न्यूयॉर्कला पोचता येत नाही.

एक आशा होती की विमानंच येणार नाहीत. वाईट वाटतं सांगायला पण मी बातम्या बघत बसायचे. जानेवारी २०२४ मध्ये अलास्का एअरलाइन्सच्या बोईंग ७३७ मॅक्स ९ चा दरवाज्याच्या जागचा तुकडा हवेत उडून गेला होता, त्यानंतर सरकारने बोईंगवर मॅक्सच्या उत्पादनाची मर्यादा घातली, महिन्याला ३८. युनायटेडने विमानं उशिरा येतायत म्हणून पायलटना त्या मे महिन्यासाठी स्वेच्छेने बिनपगारी सुट्टी घेता का असं विचारलं. सप्टेंबरमध्ये बोईंगच्या कामगारांचा संप झाला तो सात आठवडे चालला. आमच्या इथे ट्रेनिंगच्या तारखा पुढे पुढे सरकत होत्या आणि मला वाटत होतं हळूहळू माझं अवॉर्ड, म्हणजे बिडमध्ये मिळालेली जागा, पण विरून जाईल. विरलं नाही. लांबलं फक्त.

आणि त्या लांबणीत एक गंमत झाली. सिम्युलेटरच्या वेळा जुळवताना माझ्याहून ज्युनियर एका मुलाला माझ्याआधी ट्रेनिंगला घेतलं. आमच्या करारात आहे की असं झालं तर ज्याला ओलांडलं त्याला त्या तारखेपासून वरचा दर द्यायचा, बायपास पे म्हणतात. मला माहीतच नव्हतं, पगाराच्या स्लिपवर आकडा बघून मी घाबरून फोन केला की तुम्ही जास्त दिलेत. सहा आठवडे मी उजव्या सीटवर बसून डाव्या सीटचा पगार खाल्ला, घरी झोपले, शनिवारी मुलाला शाळेत सोडलं. माझ्या करिअरमधले सगळ्यात सुखाचे सहा आठवडे ते.

ट्रेनिंगचं जास्त सांगत नाही. विमान तेच असल्यामुळे नवीन टाइप शिकायचं नव्हतं, पण डावीकडून सगळं उलटं, डाव्या हातात स्टिअरिंग, उजव्या हातात थ्रॉटल, टॅक्सी करताना पहिल्या दिवशी मी सिम्युलेटर गवतात घातला. नंतर खऱ्या प्रवाशांसकट चेक एअरमन, म्हणजे परीक्षक पायलटबरोबर फ्लाइटा, आणि त्यातल्या एकीला सरकारी इन्स्पेक्टर मागच्या छोट्या सीटवर बसून बघतो. तो पूर्ण वेळ काहीतरी लिहीत होता. उतरल्यावर म्हणाला छान, आणि मी कागदावर डोकावले तर त्याने किराण्याची यादी लिहिली होती. खरंच.

मग न्यूयॉर्क. क्वीन्समध्ये क्यू गार्डन्स म्हणून भाग आहे, तिथे इतके पायलट आणि हवाईसुंदऱ्या भाड्याने राहतात की लोक त्याला गमतीत क्रू गार्डन्स म्हणतात. तिथे क्रॅश पॅड घेतलं, म्हणजे एका फ्लॅटमध्ये दुमजली पलंग, एका खोलीत सहा बायका. हॉट बंक स्वस्त, त्यात जो पलंग रिकामा असेल त्यावर झोपायचं, कोल्ड बंक म्हणजे आपला ठरलेला. मी कोल्ड घेतला, महिन्याला चारशे डॉलर. कुणाच्या तरी उशीवर झोपायचं वय राहिलं नाही आता. फ्रीजमध्ये प्रत्येकीचा कप्पा, माझ्या कप्प्यात कांदा-लसूण चटणीची बरणी असायची, शेवटी बाकीच्यांनी एकमताने ठराव करून ती दोन पिशव्यांत बांधायला लावली.

जायचं कसं तर दुसऱ्यांच्या विमानातल्या रिकाम्या सीटवर, नाहीतर कॉकपिटमधल्या जंपसीटवर, फुकट पण खात्री काही नाही. सकाळी दहाला रिझर्व्ह सुरू होणार असेल तर मी आदल्या संध्याकाळीच निघते आणि त्याच्या मागे अजून दोन फ्लाइटा धरून ठेवते, हे सगळे तास बिनपगारी. जूनमध्ये एकदा वादळामुळे तिन्ही गेल्या. फोन करून सांगितलं, करारात कम्युटरांसाठी, म्हणजे दुसऱ्या शहरातून कामावर येणाऱ्यांसाठी, कलम आहे म्हणून नोकरीवर आलं नाही, पण त्या रात्री विमानतळावरच्या खुर्चीत बसून मी हिशोब केला की त्या महिन्यात एकवीस दिवस घराबाहेर गेले आणि त्यातले नऊ दिवस मी एकदाही उडाले नव्हते. नुसतं क्यू गार्डन्समध्ये फोनकडे बघत बसले.

एक गोष्ट मात्र चांगली निघाली, टॅक्स. मला वाटलं होतं न्यूयॉर्कचा राज्य टॅक्स लागणार. पण केंद्रीय कायदा असा आहे की विमान कर्मचाऱ्यावर फक्त राहतो त्या राज्याचा टॅक्स, आणि अर्ध्याहून जास्त कमाई एकाच राज्यात होत असेल तर त्या राज्याचा पण. आमचं उडणं दहा राज्यांत विखुरलेलं, आणि टेक्सासला राज्याचा इन्कम टॅक्सच नाही. नवऱ्याने एक्सेलमध्ये एक रांग खोडली तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

कॅप्टन म्हणून दुसऱ्याच आठवड्यात बफेलोला धुकं. विमानावर कॅप्टन म्हणून १०० तास होईपर्यंत आमची उतरायची मर्यादा वाढीव असते, खाली येताना धावपट्टी शंभर फूट आधीच दिसायला हवी आणि दिसायला अर्धा मैल जास्त हवं. म्हणजे बाकीच्यांना २०० फूट आणि अर्धा मैल चालतं तिथे मला ३०० आणि एक मैल. आमच्या पुढची दोन विमानं उतरली, मागचं पण उतरलं आणि आम्ही वर गोल गोल फिरत बसलो. माझा फर्स्ट ऑफिसर माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठा, एअरफोर्समधून आलेला, तो एकटा असता तर डोळे मिटून उतरला असता. मागे प्रवासी फोनवर बघतायत की बाकीची विमानं उतरतायत. मला अनाउन्समेंट करायची होती आणि घशातून आवाज निघेना. काय सांगणार, की तुमची कॅप्टन नवीन आहे? मी म्हटलं हवामान आपल्या मर्यादेपेक्षा थोडं खाली आहे, वीस मिनिटं थांबू, इंधन भरपूर आहे. सतरा मिनिटांनी मैलभर दिसायला लागलं आणि उतरलो.

न्यूयॉर्कला परतून गेटवर आल्यावर मी त्याला विचारलं की तुझा नंबर माझ्यापेक्षा कितीतरी वर आहे, तू का नाही डावीकडे आलास. तो न्यूयॉर्कपासून वीस मिनिटांवर राहतो. म्हणाला, "मी उजवीकडे सगळ्यात वर आहे, मागेन ते मिळतं, मुलीची प्रत्येक मॅच बघितली. तुझी जागा मला तीनदा मिळाली असती, मी मागितली नाही." आणि बॅग उचलून घरी गेला. मी ट्रेन पकडून बंककडे.

आता वर्ष उलटून गेलंय. कर्ज फिटलं, ते खरं. गणपतीत मी नव्हते, मुलाने मंडळात अथर्वशीर्ष म्हटलं ते नवऱ्याने व्हिडिओ कॉलवर दाखवलं आणि मध्येच रिझर्व्हचा फोन आला म्हणून मला कट करावा लागला. यादीत माझ्या खाली आता चार नाही, एकतीसजण आहेत, त्यामुळे अधूनमधून ठरलेलं शेड्युल मिळतं. लॉक अजून सुटायचा आहे.

मागच्या आठवड्यात नवीन बिड निघाली, अजून काही विमानं येतायत म्हणे. मला लॉकमुळे काही मिळणार नाही तरी मी यादी उघडली, सगळ्या ओळी पुसल्या आणि एकच ठेवली, टेक्सास ७३७ कॅप्टन. नवऱ्याला दाखवली, त्याने स्क्रीनशॉट काढून ठेवला. मग बघितलं की ही जागा मागणारे माझ्या वर किती आहेत. दोनशे चौदा. दोनशे चौदावी ती, नऊ दिवसांनी मोठी.